क्वाबेनाचं गाव किबी

नालासोपाऱ्याच्या तुळिंजमधल्या आपल्या कुठल्याही सोसायटीत नवा भाडेकरू आला की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "गाव कोणतं तुमचं?" सेक्रेटरी सदानंद तर यात पटाईत. गावावरून तालुका, तालुक्यावरून वाडी, आणि वाडीत हमखास कुणीतरी ओळखीचं निघायचंच!

पण त्या रविवारी मीराताईंच्या रिकाम्या फ्लॅटसाठी घाना देशातला क्वाबेना आला, तेव्हा सदानंदांनी त्याचा फॉर्म न वाचताच बाजूला सारला. "आफ्रिकन लोगों को हम जगह नहीं देते." क्वाबेना तरीही गेटपाशी उन्हात तासभर थांबून राहिला. बायकोला आठवा महिना होता आणि शनिवारी राहती खोली सोडायची होती. जावं तिथे हेच उत्तर मिळत होतं.

कमिटीतल्या निवृत्त शिक्षिका क्लेमेंटीन टीचर यांनी तो फॉर्म उचलला. "सदानंदभाऊ, मूळ गावाच्या रकान्यात किबी लिहिलंय. कुठे आलं हे?"

"आपल्याला काय करायचंय, टीचर?"

"दुसऱ्यांना पोस्ट ऑफिससकट गाव विचारता. यालाच का नाही? की याला गावच नाही असं वाटतं तुम्हाला?"

खरं सांगायचं तर विचारायला सदानंदांचीही जीभ वळवळत होती. त्यांनी क्वाबेनाला आत बोलावलं. "किबी बोले तो, कैसा गाव है?"

क्वाबेना चमकला. भारतातल्या पाच वर्षांत पासपोर्ट सगळ्यांनी मागितला होता, गाव कुणीच विचारलं नव्हतं! मग तो मोडक्यातोडक्या हिंदीत भरभरून बोलू लागला. हिरव्या डोंगरापाशी किबी. त्या मुलखाची परंपरागत राजधानी. तिथे आजही राजा आहे, पण गादी राजाच्या मुलाला मिळत नाही, आईकडच्या नात्यात जाते, म्हणजे भाच्यालाही मिळू शकते. आणि मातीत चक्क सोनं!

"सोना? फिर इधर कायको आया?"

"खोद-खोद के नदी का पानी कीचड़ हो गया, अंकल. पापा का कोको का खेत भी गया."

खाडीतला रेतीउपसा पाहिलेल्या सदानंदांना ते लगेच कळलं. आता त्यांना राहवेना. "और क्वाबेना मतलब?"

"मंगलवार को पैदा हुआ. हमारे यहां वार से नाम रखते हैं."

"अहो टीचर, हा तर आपला मंगळ्या!" सदानंद ओरडलेच. जव्हारच्या पाड्यांत त्यांची वीस वर्षं नोकरी झाली होती. सोम्या, मंगळ्या, बुध्या, सगळे त्यांच्या ओळखीचे. "और मेहमान आया तो क्या करते हो?"

"पहले पानी देते हैं. बाद में पूछते हैं, क्यों आए."

सदानंदांचा चेहरा उतरला. या माणसाला आपण तासभर उन्हात उभं ठेवलं! काय ही आपली माणुसकी! ते स्वतः उठले आणि पाण्याचा ग्लास भरून आणला.

संध्याकाळच्या मीटिंगमध्ये सोसायटीतला जितेश म्हणाला, "उद्या काही झालं तर जबाबदारी कुणाची?"

"माझी," सदानंद म्हणाले. "पोलिसांकडे सगळ्यांची नोंद करतो, तशी याचीही करू. आठ वर्षांपूर्वी तू आलास तेव्हा हाच प्रश्न तुझ्याबद्दल विचारला होता, जितेश. तेव्हाही जबाबदारी मीच घेतली होती."

जितेशने हात वर केला. पाठोपाठ बाकीचेही वर गेले.

मंडळी, कातडीचा रंग बघून दार लावायला क्षणभरही लागत नाही. माणूस कळायला मात्र त्याच्याशी चार शब्द बोलावे लागतात. आपल्या दारी आलेल्या प्रत्येकाचा तेवढा हक्क आहेच! शनिवारी क्वाबेना राहायला आला. पुढच्या महिन्यात, एका गुरुवारी, त्याला मुलगी झाली, आणि तिच्या जन्मदाखल्यावर जन्मस्थळ लिहिलं गेलं, नालासोपारा.