रेकॉर्ड प्लेअरखालचा दगड

“कबर क्रमांक दोनशे बारावरील दगड नियमानुसार चौदा मार्च रोजी फोडण्यात आला असून त्याचा कोणताही अवशेष शिल्लक नाही.”

थिराला नऊ वर्षांपूर्वी आलेल्या त्या पत्रात वाक्य एकच होते आणि विधाने तीन: दगड फोडला, नियमानुसार फोडला, काही उरले नाही. थिरा ही जुन्या शिलालेखांची अभ्यासक. कोणत्याही परक्या कागदावर तिने आधी तारीख, मग सही, मग सही करणाऱ्याचा हेतू तपासला असता. या कागदावर सही होती वेर्नरची, गावच्या चर्चच्या दफनभूमीचा कारभार पाहणाऱ्या तिच्या नवऱ्याची. आपल्या साधनाच्या लेखकाशी संसार करण्याचा योग अभ्यासकाला क्वचित येतो, आणि आला की पहिली दक्षिणा म्हणून शंकाच देऊन टाकावी लागते. तिने पत्र घडी घालून ठेवून दिले.

पंचवीस वर्षांची मुदत संपली की जागा मोकळी करायची, दगड हवा का म्हणून घरच्यांना विचारायचे, आणि नको असेल तरच त्याची खडी करायची, असा नियम होता. थिरा ते वर्षभर आइसलँडमध्ये दुसऱ्यांच्या पूर्वजांचे दगड वाचत होती. विचारणा घरी आली तेव्हा घरी वेर्नर होता. “टपालात कुठंतरी गहाळ झाली गं,” तो नंतर म्हणाला होता.

दगड आस्गेरचा होता. तिचा धाकटा भाऊ एकोणिसाव्या वर्षी मासेमारीच्या बोटीवरून गेला तो परतला नाही. शरीरही मिळाले नाही. त्या दगडाखाली कोणीच नव्हते. त्यामुळे जगात आस्गेर म्हणून जे काही उरले होते, ते तो दगडच होता.

एप्रिलमधल्या रविवारी दुपारी वेर्नरचा संगीतमित्र फ्रोडे रेकॉर्ड प्लेअरचा जुना रॅक न्यायला आला. वेर्नरने बर्चच्या प्लायवूडचा नवा रॅक बांधला होता. जुन्याची ओकची चौकट फ्रोडेला मिळणार होती. वरची पाटीच्या दगडाची जड फळी मात्र नव्या रॅकवर जायची होती.

“ती मागू नकोस,” वेर्नर म्हणाला. “बायको माग हवं तर.”

“विचारून बघतो. थिरा, येतेस का?”

“रॅकपेक्षा कमी जागा लागेल मला,” थिरा म्हणाली.

वेर्नरने बोटाच्या पेराने आधी प्लायवूडवर, मग दगडावर टकटक केली आणि मान कलती करून ऐकले. “लाकूड गातं. व्हायोलिनला ते शोभतं. स्पीकरच्या पेटीनं आणि रेकॉर्ड प्लेअरखालच्या फळीनं तोंड मिटून बसायचं असतं. म्हणून पेटीला दुहेरी भिंत, मधे वाळू. आणि फळीला हा. ऐक, आहे का आवाज?”

“कलिंगड घेतोयस की काय रे?” फ्रोडे म्हणाला. “तुझं प्रवचन आमच्या पाद्रीबाईंपेक्षा लांबतं.”

“मी उचलायचे पट्टे घेऊन येतो. तोवर हात लावू नका. आणि उचललीत तरी आडवीच ठेवा,” असे बजावून वेर्नर अंगणापलीकडच्या कार्यशाळेत गेला.

हात लावू नका म्हटल्यावर फ्रोडेचे हात शिवशिवू लागले. दोघांनी फळी उचलली. वाट अरुंद होती, म्हणून ती गालिच्यावर एका कडेवर उभी केली. खालच्या अंगाला हिरवे फेल्ट, लोकरीचे जाड कापड, चिकटवलेले होते. ध्वनिवेड्या माणसाला दुसऱ्याच्या उपकरणाचा तळ पाहिल्यावाचून चैन पडत नाही. फ्रोडेने सुटलेला कोपरा चिमटीत धरला.

“बघू तरी, लबाडानं खाली काय गुपित लपवलंय,” तो हसत म्हणाला, आणि फेल्ट ओढले.

हसणे मध्येच थांबले. “थिरा... अक्षरं आहेत गं यावर.”

थिराने पाहिले नाही. सवयीने तिची बोटेच आधी पुढे झाली. खोल, तिरक्या छिन्नीची अक्षरे. “स्गेर.” त्याखाली, “मुद्राने ठेवून घेतला.” रॅकच्या मापात बसावा म्हणून दगड डावीकडून कापला होता, करवतीने प्रत्येक ओळीचे पहिले अक्षर नेले होते. उडालेली अक्षरे चौकटी कंसात भरून द्यायची, हे तिने आयुष्यभर विद्यार्थ्यांना शिकवले होते. हा मजकूर भरायला तिला कंस लागले नाहीत. तो तिनेच लिहिला होता.

दर शनिवारी ती ही फळी पुसत असे. ओला कप ठेवला म्हणून वेर्नर ओरडला होता, आणि तिने माफी मागितली होती. दगडाची, असे तिला आता वाटले.

“तू घरी जा, फ्रोडे.”

“मी थांबतो ना...”

“जा रे बाबा.”

पट्टे खांद्यावर टाकून वेर्नर दारात आला. उभा दगड पाहिला, फेल्ट पाहिले, आणि पट्टे सावकाश खाली ठेवले. फ्रोडे त्याच्याकडे न बघता बाहेर पडला.

“खडीच होणार होती त्याची,” वेर्नर म्हणाला. “मी वाचवला म्हण.”

“पत्रात फोडला लिहिलंस.”

“मग काय लिहू? तू परत आलीस नि मागायला लागलीस. तोवर कापून झाला होता.”

“बाजारात पाटीचा दगड मिळत नव्हता?”

“मिळतो. पातळ असतो. वाजतो.”

थिराने टेबलावरची पेन्सिल घेतली आणि त्याच्या नव्या रॅकच्या आराखड्याची कोरी बाजू पुढ्यात ओढली.

“कुणाचा आहे हे तुला उचलताना माहीत होतं? नीट सांग. मी शब्दशः उतरवून घेणार आहे.”

वेर्नरने सांगितले ते तिने एकही शब्द न बदलता लिहिले:

“मला वाचता येतं, थिरा. कुंपणामागं खडीसाठी रचलेले सोळाच्या सोळा दगड ठोकून पाहिले मी. सगळे वाजत होते. एकटा आस्गेरचाच गप्प राहिला.”