हातवाल्यांचं बंद पाकीट

ड्रायक्लीनिंगच्या दुकानावरच्या जिन्यात त्या सकाळी पाय ठेवायला जागा नव्हती. एकेका पायरीवर दोन-दोन माणसं, प्रत्येकाच्या काखेत फाइल, आणि सगळ्यांचे डोळे वरच्या दाराकडे. दारावर पाटी नव्हती. पाटी लागते ती तुमच्या-आमच्यासारख्यांना! वर हातवाले बसायचे. त्यांनी लॅपटॉपवर उजवा हात ठेवला की कापला गेलेला कर आठ-दहा दिवसांत बँकेत परत येतो, हे अख्ख्या वस्तीला तोंडपाठ झालं होतं.

"माझे नवव्या दिवशी आले," एक बाई सांगत होती. "जावेचे सातव्याच दिवशी. तिचा भाव जास्त असेल, दुसरं काय!"

आठव्या पायरीवर मावशी उभी होती आणि तिच्या मागे, तिची पिशवी धरून, तिची भाची. ही भाची समोरच्या इमारतीत तळमजल्यावरच्या एका खोलीत अकरा वर्षं लोकांचे कराचे रिटर्न भरून देत होती. कोणी काही सांगितलं की ती म्हणायची, "त्याचा कागद आणा." म्हणून लोकांनी तिचं नाव कागदताई ठेवलं होतं. आणि आज तीच कागदताई हातवाल्यांच्या जिन्यात! पण करणार काय? आई गेल्यावर मावशीनेच तिला वाढवलं होतं. मावशी सरकारी दवाखान्यात चौतीस वर्षं नर्स होती, लग्नाच्या भानगडीत पडली नव्हती, आणि आता तिचे गुडघे जिना चढू देत नव्हते. "वर पोचवून दे गं" म्हटल्यावर नाही म्हणायची सोय नव्हती.

आत पांढऱ्या कापडाचं टेबल, त्यावर लॅपटॉप, शेजारी स्टीलचं मोठं ताट. हातवाल्यांचा डावा कफ मनगटाशी बंद होता आणि उजवा कोपरापर्यंत दुमडलेला, जणू आता ऑपरेशनच करायचं आहे.

"या आई. तिसरं वर्ष ना तुमचं? फोन ताटात ठेवा. बंद नाही करायचा. दोन यंत्रांना आपसात बोलू द्या. यंत्रालाही मन असतं हो, हे मोठमोठ्या शिकलेल्यांना कळत नाही." हे बोलताना त्यांनी कागदताईकडे पाहिलं. "आता सगळ्यांनी डोळे मिटा. हाव नको, भाव हवा. मध्येच कोणी उघडले तर आकडा लालच राहील, मग मला बोल लावायचा नाही."

"मी उघडेच ठेवते," कागदताई म्हणाली.

"मिट गं बाई! आमचं नुकसान करशील," मागून कोणीतरी तिला ढोसलं. मावशीनेही डोळे वटारले. कागदताईने डोळे मिटले. अंधारात तिला कुठल्यातरी फोनची टिंग ऐकू आली, मग बटणांची टकटक, मग पुन्हा टिंग. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं, तिच्या मनात आलं. डोळे उघडले तेव्हा पडद्यावरचा लाल आकडा हिरवा, म्हणजे परत मिळायचा, झाला होता आणि माणसं टाळ्या वाजवत होती.

"कुठल्या नियमात बसवलंत हे?" तिने विचारलं.

"नियम डोक्याने वाचतात, ताई. हे हाताने होतं." खोली हसली. हातवाल्यांनी छापील कागद पाकिटात घातला, वर चिकटपट्टी मारली आणि मावशीच्या हातात दिला. "तीन वर्षं उघडायचं नाही. उघडलं की गुण गेला. घरी कर खात्याचं पत्रबित्र आलं तर न फोडता मला आणून द्या, त्या आपल्या परीक्षा असतात." आलेल्या रकमेतला चौथा हिस्सा हातवाल्यांचा, तो मावशीने खुशीने कबूल केला.

इकडे कागदताईच्या खोलीत वेगळीच रडकथा. त्या हंगामातलं सॉफ्टवेअरचं तिसरं अपडेट सकाळपासून आठ टक्क्यांवर अडकलं होतं. एका दुकानदाराने पगारपत्रकाचा फोटो पाठवला होता, त्यात नेमका आकड्यावर त्याचा अंगठा. एक गृहस्थ म्हणत होते, पासवर्ड मुलीला माहीत आहे आणि मुलगी परीक्षेला बसली आहे. तेवढ्यात शिंपीकाका फाइल परत न्यायला आले. सात वर्षांचं गिऱ्हाईक.

"राग मानू नका ताई. पण तुमचं सॉफ्टवेअर प्रश्न फार विचारतं. हा पुरावा कुठाय, तो नंबर कुठाय. हातवाल्यांचं बघा, काही विचारत नाही."

"न विचारता जे भरलं जातं, त्याच्याखाली सही तुमची असते, काका."

"असू दे की. हिरवं तर येतं!"

पालथ्या घड्यावर पाणी. तिने फाइल दिली. दार लागल्यावर तिला रडू आलं, ते तिने पुसलं आणि अपडेटकडे पाहिलं. नऊ टक्के.

चार दिवसांनी मावशी धापा टाकत आली ती हसतच. हातात एक पत्र होतं. टेकडीजवळच्या वृद्धनिवासाने तिला खोली देऊ केली होती. मूलबाळ नसलेल्या एकट्या बायकांसाठीच होतं ते. खालच्या मजल्यावरच्या खोल्या, दाराशी नर्स, पायरी एकही नाही. मावशी चार वर्षं यादीत होती. खिडकीला कुठला पडदा लावायचा तेही तिचं ठरलं होतं.

"मागच्या दोन वर्षांच्या रिटर्नच्या प्रती महिनाअखेरपर्यंत द्यायच्यात. तेवढ्या काढून दे."

कागदताईने कर खात्याचं संकेतस्थळ उघडलं. मावशीचा पासवर्ड चुकीचा निघाला. नवा मागितला, तर ओटीपी पाठवल्याचं पडद्यावर आलं, पण मावशीचा फोन गप्प. कागदताईने नीट पाहिलं. ओटीपी गेला होता तो नंबर सत्तेचाळीसने संपत होता. मावशीचा बाराने संपतो.

"हा कुणाचा नंबर?"

"मला काय ठाऊक! मशीन चुकलं असेल तुझं."

"मशीन नाही चुकलं. मावशी, घरी जाऊन हातवाल्यांची तिन्ही पाकिटं घेऊन ये. उघडू."

मावशीचा चेहरा उतरला. "नाही हं. खोली मिळायच्या तोंडावर मला अपशकुन नको."

कागदताई तिच्यासमोर गुडघे टेकून बसली. "मला लहानपणी खोकल्याचं औषध देताना तू बाटली किती वेळा वाचायचीस?"

"तीनदा. कपाटातून काढताना, चमच्यात ओतताना, परत ठेवताना. दवाखान्यात तसंच शिकवलं होतं आम्हाला."

"चौतीस वर्षांत कधी न वाचता सुई टोचलीस?"

 मावशीने पिशवीतूनच पाकिटं काढली. ती तिन्ही बरोबर घेऊन फिरत होती, चोरीला जाऊ नयेत म्हणून. चिकटपट्टी तिने स्वतः सोडवली, चष्मा लावला आणि पहिला कागद वाचला. पुन्हा वाचला. तिसऱ्यांदा वाचताना तिचे ओठ हलत होते.

"अवलंबून असलेला मुलगा. अपंग, ऐंशी टक्के." तिने मान वर केली. "हा कुणाचा?"

"तुझा, मावशी. त्याच्या औषधपाण्याची सूट दाखवून पैसे परत मागितलेत."

"मला मुलगा नाही गं," मावशी इतक्या हळू म्हणाली, की जणू तिलाच खात्री करून घ्यायची होती.

मग ती उठली. त्या दिवशी गुडघ्यांचं नाव नाही, भाचीचा हात नाही, रस्ता ओलांडून ती थेट जिना चढली. आत तेवीस माणसं डोळे मिटून बसली होती आणि टकटक चालू होती.

"माझ्या मुलाचं नाव काय हो?" मावशीने दारातूनच विचारलं.

हातवाल्यांचा हात थबकला. पण माणूस मुरलेला. "अरेरे! पाकीट उघडलंत? आई, गेला तुमचा गुण! हिला आधी खाली न्या रे, नाही तर या खोलीतल्या सगळ्यांचे आकडे लाल होतील!"

आणि खोली उठली ती मावशीवर! "म्हातारे, स्वतःचं गेलं म्हणून आमचं घालवतेस?" एका निवृत्त बसवाल्याने तिचा दंड धरला. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच. कागदताई मध्ये पडली. "मारा हवं तर. पण आधी एक तरी पाकीट उघडा. फक्त एक!"

 शेवटी कोपऱ्यातून चर्रकन आवाज आला. शिंपीकाकांनी त्याच सकाळी मिळालेलं पाकीट फाडलं होतं.

"अपंग मुलगी?" ते म्हणाले. "मला तीन मुलगे आहेत. तिघेही घोड्यासारखे धावतात."

मग पाकिटं फाटायचा एकच आवाज. जुनी पाकिटं फाइलीतच होती बहुतेकांची. तेवीस जणांत एकोणीस अपंग मुलं निघाली. बसवाल्याला दोन, जुळी.

"आता ऐका," कागदताई म्हणाली. "हात काही करत नाही. तुम्ही डोळे मिटता तेव्हा हे तुमच्या नावावर खोटी मुलं लिहितात. खातं तुमच्या सहीवर विश्वास ठेवून पैसे आधी देतं, पुरावा नंतर मागतं. आणि पुराव्याची सूचना तुम्हाला मिळतच नाही, कारण पहिल्या वेळी ताटातल्या तुमच्या फोनवर ओटीपी येतो, तो वापरून हे तुमच्या जागी स्वतःचा नंबर घालतात. शेवटी सत्तेचाळीस. घरी पत्र आलं तर तेही यांनाच आणून द्यायचं. बघायचंय?" तिने आपल्या फोनवर शिंपीकाकांचा पासवर्ड बदलायला मागितला. लॅपटॉपशेजारी पालथा ठेवलेला हातवाल्यांचा फोन वाजला, टिंग. बसवाल्याचा मागितला. टिंग.

"या वस्तीत एवढी मुलं आहेत, तर त्यातलं एक तरी कधी कुणाला दिसलं का हो?"

हातवाले उठले. "सगळं सांगतो. जरा हात धुऊन येतो," म्हणाले, आणि लॅपटॉप काखेत मारून मोरीकडे गेले. मोरीच्या पलीकडे मागचा जिना होता. ताट तेवढं टेबलावर राहिलं.

ते काही परत आले नाहीत. मग बसवाल्याने ताट उचललं आणि ते कागदताईपुढे धरलं. "ताई, तुम्ही जाणकार. तुम्ही ठेवा ना हात. हे पुसलं जाईल असं काहीतरी करा."

बाकीच्यांनी मुकाट्याने फोन ताटात ठेवायला सुरुवात केली. कागदताई मटकन खुर्चीत बसली. इतकं सांगून, इतकं दाखवून, ताट फक्त एका टेबलावरून उचललं गेलं होतं.

आधी सगळ्यांचे नंबर परत बदलून घेऊन या वर्षीचे रिटर्न तिने दुरुस्त करून दिले, त्याची मुदत होती. मागच्या वर्षांची संपली होती. तिथे आता नोटीस येणार, दंड होणार, आणि "आम्ही डोळे मिटले होते" हे उत्तर कुठल्याच रकान्यात बसत नाही. पोलिसांत तक्रार दिली, पोचेवर शिक्का मिळाला. तो शिक्का, ती पाकिटं आणि मावशी यांना घेऊन ती वृद्धनिवासात गेली.

तिथल्या लिपिक बाईंनी सगळं ऐकलं. त्यांचे डोळे भरून आले. "सिस्टर, मी तुमच्या वॉर्डात बाळंत झाले. तुम्हाला मूल नाही हे मी शपथेवर सांगेन. पण समिती कागद बघते. कागदावर मुलगा आहे. असा मुलगा नाही, असं खात्याचं पत्र आणा."

"किती दिवस लागतात त्याला?" मावशीने विचारलं.

कागदताईला माहीत होतं. तिने सांगितलं नाही. महिना संपला आणि खोली यादीतल्या पुढच्या बाईला गेली. पत्र अजून आलेलं नाही.

आता मावशी रोज कागदताईच्या खोलीत दाराशी खुर्ची टाकून बसते. परवा एक जण घाईघाईत आला. "ताई, सही कुठे करू तेवढं सांगा. तुमच्यावर आमचा पूर्ण विश्वास आहे."

"विश्वास घरी ठेवून ये," मावशी म्हणाली. "हिच्यावरही नको. हीसुद्धा माणूस आहे, चुकेल. डोळे दिलेत ते मिटायला नाही. नंबर तुझाच आहे का बघ, पोरं तुझीच आहेत का बघ, आणि मग सही कर. तीनदा वाच."

तो बिचारा वाचायला बसला. तो वाचत असताना मावशी भाचीकडे वळली. रोज एकदा विचारते, तसंच तिने विचारलं.

"आज बघितलंस का? आहे का अजून तो?"

कागदताईने संकेतस्थळावर मावशीचं खातं उघडून पाहिलं. "आहे, मावशी."

"बरं," मावशी म्हणाली, आणि समोरच्या माणसाला दटावलं, "थांबलास का? पुढं वाच."