सुबहियाचा साचा

मित्रांनो, मी एक जुना लाकडी साचा आहे. नाब्लुस शहरातल्या एका सुताराने मला जर्दाळूच्या लाकडात कोरले आणि पोटात फुलाच्या नक्षीचा खळगा दिला. ईद जवळ आली की माझी मालकीण सुबहिया माझ्यात रव्याची पारी बसवायची, खजूर भरायची, अंगठ्याने दाबायची आणि मला ओट्यावर आपटायची. ठक! मामूल बाहेर, ईदेचा तो गोड पदार्थ. गल्ली तारीफ करायची. त्यात थोडी माझीही असेल, नक्की सांगवत नाही.

ती वारली. मी खिळ्यावरच राहिलो. कोळ्याने माझ्या फुलात जाळे विणले.

तिचा भाऊ अबू नायफ जुन्या मानपानावरून रुसलेला. बहिणीच्या मातीलाही आला नाही. यंदा ईदेला तिची मुले, अरीज आणि वसीम, समेटासाठी त्याच्या दारी जाणार होती. वसीमने परदेशातून जेलीच्या गोळ्यांचा डबा आणला होता.

"चकाकी बघ! मामाचे डोळेच दिपतील."

"डोळ्यांचं राहू दे. तोंडात काय घालतोयस? ही जेली कशाची?"

"मी काय कारखान्यात राहायला होतो?"

"तिकडे डुकराच्या कातड्याचीही करतात. मामा पुन्हा दारात उभं करणार नाहीत, वसीम."

"त्यांना कळणार कसं?"

ठक!

भर दुपार होती. मला कोणी हात लावला नव्हता. तरी ओट्यावर आपटल्यासारखी माझी पाठ दुखली. पुन्हा, ठक!

वसीमने खिळ्याकडे पाहिले आणि डबा बाजूला सारला. अरीजने मला धुतले आणि एकटीने मामूल केले.

ईदेला तिने परातीत मलाही ठेवले, आईची खूण म्हणून. अबू नायफने दार अर्धेच उघडले.

"मामा, रवा, तूप, खजूर. बाकी काही नाही."

त्याने एक मामूल उचलून उलटा केला. तळाशी अंगठ्याचा ठसा होता, त्यावर तिरकी चीर.

"हा कोणाचा अंगठा?"

"माझाच."

त्याने अरीजचा अंगठा पाहिला. गुळगुळीत होता.

"माझ्या विळ्याने कापला होता सुबहियाचा. लहान होतो आम्ही," तो पुटपुटला. मग मुलांच्या मागच्या रिकाम्या पायरीकडे पाहत त्याने दार सताड उघडले. "या आत. तिघंही या."

मित्रांनो, कोणाला गोड द्याल तेव्हा त्याला काय चालते ते आधी विचारा. आणि माझ्यासारख्यांना कोळिष्टकांत टाकू नका. आत अजून कोणाचा हात असेल, सांगता येत नाही.