शेजारीण

जीपमधून आधी आई उतरली. रुमालाचं टोक तोंडाशी धरलेलं, डोळे खोल गेलेले. तिच्या दंडाला धरून मागोमाग थोरली बहीण सफरमो उतरली, आणि पुढे आलेली नुकरा जागीच थांबली.

"तू कशाला आलीस, अपा?"

"वा! धाकट्या बहिणीने केलेलं स्वागत बघा," सफरमो हसली. "दोन दिवस धूळ खात आलेय. आईला दरवाझच्या घाटातल्या वळणांवर किती उलट्या झाल्या माहितीय? ड्रायव्हर सांभाळणार होता का तिला? धर ही पिशवी. वाळवलेल्या तुती आहेत, तुझ्या मुअल्लिमांना दे."

"मी फोनवर सांगितलं होतं, आईला एकटीलाच पाठव."

"सांगितलं होतंस. मी नाही ऐकलं."

जुलै महिना होता. राजधानी दुशान्बेच्या उन्हाळ्यातले ते सगळ्यात वाईट चाळीस दिवस चालू होते. स्टँडवरचं डांबर चपलेला चिकटत होतं. नुकराने पिशवी घेतली, आईच्या हाताचं चुंबन घेतलं, आणि अकरा वाजायच्या आत सफरमोला कुठे घालवायचं याचा विचार करत त्या दोघींच्या पुढे चालायला लागली.

विचार करण्यासारखंच होतं. परदेशात आंतरराष्ट्रीय शिक्षण या विषयात एम.ए. करायला निघालेल्यांसाठी शहरात सहा आठवड्यांचा उन्हाळी वर्ग होता. चौदाजण शिकत होते, दहाजण जाणार होते. नुकरा गुणांत अकरावी होती. शेवटची परीक्षा आज होती: ज्या लोकांच्या शिक्षणाबद्दल तुम्ही बोलता, त्यांच्यातला एक माणूस समोर आणून बसवा, त्याला बोलतं करा आणि त्याचं बोलणं पाहुण्यांना रशियनमध्ये सांगा. पाहुणे म्हणजे शिष्यवृत्ती देणारे. यात चुकलं तर सप्टेंबरात विमान नाही, गावी, यझ्गुलामच्या दरीत परत.

आणि पाहुण्यांच्या कागदांत सफरमो मेलेली होती.

नुकराने अर्जासोबतच्या निबंधात आधी खरं तेच लिहिलं होतं. वडील दरडीखाली गेले, शेळ्या बघायला घरात कोणी उरलं नाही, म्हणून सातवीतून थोरलीचं नाव काढलं. पुढे ती मॉस्कोला गेली, आठ वर्षं नऊमजली इमारतींचे जिने पुसले आणि धाकटीला शिकवलं. तो निबंध पहिल्या वर्षी परत आला. वर कोणीतरी पेन्सिलने लिहिलं होतं, 'हे तिकडे घरोघरी आहे. पुढे काय झालं?' पुढे काहीच झालं नव्हतं. म्हणून दुसऱ्या वर्षीच्या निबंधात सफरमो मेली. एकोणिसाव्या वर्षी, बाळंतपणात, दवाखान्याच्या वाटेवर. चार ओळींचं काम. निवड झाली.

त्यानंतर त्या बिचारीला विश्रांती अशी मिळाली नाही. मुलींच्या गळतीवर चर्चा निघाली की मुख्य शिक्षिका रुख्शोना मुअल्लिमा नुकराकडे बघायच्या, आणि नुकरा मान खाली घालायची. वर्गात एक आख्खा आठवडा, दुसऱ्याची कहाणी सांगण्याआधी त्याची परवानगी कशी घ्यावी, यावर शिकवलं होतं. त्या पेपरात नुकराला सगळ्यात जास्त गुण होते.

वर्गाच्या फाटकाशी ती थांबली. "अपा, तू असं कर ना. हिरव्या बाजारात जा, एक चांगलं खरबूज घेऊन ये. आत फार कंटाळवाणं असतं."

"नंतर आणू की."

"आत घरातलं एकच माणूस चालतं."

सफरमोने ओढणी सारखी केली. नवा सॅटीनचा पोशाख होता तिचा, घडीच्या रेषा अजून मोडल्या नव्हत्या. "नुकरा, तुझ्या शाळेत मी कधी आलेय का गं? एकदाही नाही. एका कोपऱ्यात बसते. खोकणारसुद्धा नाही."

दारातल्या बाईने वहीत बघून विचारलं, "ही आई. आणि या?"

"या शेजारीण," नुकरा रशियनमध्ये पटकन म्हणाली. "आईला प्रवास झेपत नाही, म्हणून सोबत आल्यात."

सफरमोने तिच्याकडे पाहिलं. मॉस्कोत आठ वर्षं काढलेल्या बाईला एवढं रशियन समजणारच. क्षणभर चेहरा पडला, पण लगेच तिने नुकराला कोपराने ढोसलं. "जिने पुसणारी बहीण दाखवायची लाज वाटते होय?" ती त्यांच्या बोलीत कुजबुजली. "बरं बाई. शेजारीण तर शेजारीण. साखर मागायला येत जाईन."

ही थट्टा तिने मनापासून केली होती. नुकराला जमिनीने पोटात घ्यावं असं झालं. पण जमीन असं काही करत नाही, आणि आत पहिलं नाव पुकारलंही होतं.

सभागृहात पंखे फिरत होते, हवा काही हलत नव्हती. पुढच्या टेबलाशी पाच पाहुणे बसले होते. मधोमध अल्माटीहून आलेल्या लारिसा गेन्नादियेव्ना, पांढऱ्या केसांच्या, हातात कागदी पंखा. आधी दालेरचा नंबर लागला. या पठ्ठ्याने घरची स्वयंपाकीणच आणली होती. तिला काय विचारलं तरी ती "मालकांची कृपा" एवढंच म्हणायची, आणि दालेर त्याचं दहा दहा वाक्यांत भाषांतर करायचा. स्वयंपाकीण सगळ्या वर्गाला कळणारं ताजिकच बोलत होती, त्यामुळे मागच्या रांगांतून हसू फुटलं. लारिसाबाईंनी कागदावर काहीतरी खोडलं.

नुकराच्या बाबतीत ती भीती नव्हती. यझ्गुलामची बोली अख्ख्या शहरात शेदोनशे लोकांना येत असेल, आणि त्या सभागृहात तिघींनाच. त्यातली एक खुर्चीत, एक तिच्या शेजारी उभी. तिसरी चौथ्या रांगेत कडेला बसली होती, हात मांडीवर ठेवून, शाळेतल्या मुलीसारखी ताठ.

लारिसाबाई हळुवारपणे म्हणाल्या, "आईंना सांगा, आम्ही निबंध वाचलाय. फार जड गेला वाचायला. त्यांना विचारा, थोरलीला शाळेतून काढल्याचं त्यांना आज काय वाटतं?"

चौथ्या रांगेत सफरमोने मान थोडी वर केली. आपल्याबद्दल काही निघालं म्हटल्यावर माणूस करतं तशी.

नुकरा आईकडे वाकली. "आई, त्या विचारतायत, सफरमो लहानपणी कशी होती?"

"सफरमो?" आईचा चेहरा खुलला. एवढ्या मोठ्या लोकांनी हे विचारावं! "अगं, शेळीसारखी होती. कुठेही चढायची. शाळेतून काढली तेव्हा तीन दिवस जेवली नाही. चौथ्या दिवशी स्वतःच म्हणाली, मी शेळ्या बघते, पण नुकराला काढायचं नाही. तुला पाठीवर घेऊन नदी ओलांडायची, रोज, शाळेला उशीर नको म्हणून. पाणी असं इथपर्यंत."

पाणी दाखवायला आईने हात छातीशी नेला. नुकराने तो हात बघितला आणि पाहुण्यांकडे वळली.

"आई म्हणते, हे ओझं माझ्या छातीवर आहे. म्हणते, मी तिला शाळेत राहू दिलं असतं तर तिचं एवढ्या लहान वयात लग्न झालं नसतं. ती गेली तेव्हा मी तीन दिवस जेवले नाही."

कागदी पंखा थांबला. रुख्शोना मुअल्लिमांनी डोळ्यांना रुमाल लावला. नुकराने चौथ्या रांगेकडे पाहायचं नाही असं ठरवलं होतं, आणि पाहिलं. सफरमो अजून तशीच बसली होती, चेहऱ्यावर मघाचंच अर्धवट हसू. हसू काढून घ्यायचं तिच्या लक्षातच राहिलं नव्हतं.

आई थांबायला तयार नव्हती. "मला काय विचारता," ती म्हणाली आणि बोट लांब करून दाखवलं, "तिलाच विचारा ना. ही काय, समोर बसलीय!"

सगळ्यांच्या माना त्या बोटाच्या दिशेने वळल्या. तिथे नव्या पोशाखातली एक शेजारीण बसली होती.

नुकरा पाहुण्यांकडे वळली. थांबता आलं असतं. खरं सांगायचं तर तेवढा वेळ होता. पाहुणे घाईत नव्हते. पण तिच्या डोळ्यांसमोर दहाच्या खाली ओढलेली ती रेघ आली, आणि रेघेखालचं आपलं नाव आलं.

"आई म्हणते," तिचा आवाज खरोखरच कापत होता, "ती अजूनही मला दिसते. लोकांत बसलेली. अशी, माझ्यासमोर."

कोणीतरी मोठ्याने हुंदका दिला. लारिसा गेन्नादियेव्ना उठल्या. खुर्ची मागे सरकली. "आपण सगळे एक मिनिट उभे राहूया," त्या म्हणाल्या. "तिच्यासाठी."

खुर्च्या कुरकुरल्या. पाहुणे उठले, विद्यार्थी उठले, दालेरची स्वयंपाकीणही उठली. सफरमो सगळ्यांत शेवटी उठली. पुढच्या खुर्चीच्या पाठीला धरून उभी राहिली आणि इतरांसारखीच मान खाली घातली. स्वतःसाठी ती पुरतं एक मिनिट उभी होती.

खुर्चीत एकटी आई राहिली होती. ती बावरून इकडेतिकडे बघायला लागली. "काय झालं? सफरमो, सगळे का उठले?"

"तुला मान देतायत, आई," सफरमो जागेवरूनच त्यांच्या बोलीत म्हणाली. "बस तू."

मिनिट संपलं. लारिसाबाईंनी येऊन आईचे दोन्ही हात हातात घेतले, कपाळाला लावले. मग त्या वळल्या त्या थेट चौथ्या रांगेकडे.

"तुम्ही शेजारच्या ना? तुम्ही त्या मुलीला ओळखत होतात?"

"त्यांना रशियन येत नाही," नुकरा घाईने पुढे आली. "मी विचारते—"

"येतं," सफरमो रशियनमध्ये म्हणाली.

रशियन तिचं चांगलंच होतं, मॉस्कोचं, ठसठशीत. एका वाक्याचं काम होतं आता. एवढ्या सहा आठवड्यांचं, दोन वर्षांचं, सगळ्याचं मातेरं करायला एक वाक्य पुरेसं होतं, आणि ते म्हणायचा हक्क जगात फक्त या एका बाईला होता.

सफरमोने तिच्याकडे पाहिलं नाही.

"ओळखत होते. शिकलेली नव्हती, पण कष्टाळू होती. या धाकटीवर जीव टाकायची."

"आणि ती गेली कशी? खरंच वाटेतच?"

"ते मला नाही माहीत," सफरमो म्हणाली. "नुकराला विचारा. त्या वेळी तिथे तीच होती."

संध्याकाळी भिंतीवर यादी लागली. नुकरा तिसरी होती. रुख्शोना मुअल्लिमांनी तिला मिठी मारली, तुतीची पिशवी घेतली, आणि तुझ्या आईसारख्या बायकांमुळेच आपलं काम आहे असं म्हणाल्या. ते मात्र त्यांचं अगदी खरं होतं.

त्या रात्रभर आणि सकाळी नुकराने खूप प्रयत्न केला. निबंध परत आला होता हे सांगितलं, पेन्सिलचा शेरा सांगितला. माफी मागितली, रडली, पायांना हात लावले. सफरमोने पाय काढूनही घेतले नाहीत. ती आईशी बोलत होती, नुकराच्या वसतिगृहातल्या खोलीतल्या इतर मुलींना मॉस्कोचे किस्से सांगून हसवत होती, त्यांच्यासाठी चहात मीठ-लोणी घालून देत होती. नुकराने हाक मारली की मात्र तिला ऐकू येत नव्हतं.

स्टँडवर जीप भरत आली होती. आईला पुढे ड्रायव्हरजवळ बसवलं होतं, वळणं कमी लागावीत म्हणून. सफरमो मागच्या बाकावर चढली. आईने खिडकीतून हात काढून नुकराच्या गालावर ठेवला. काल एवढ्या माणसांनी उभं राहून मान दिल्यापासून तिचा चेहरा दहा वर्षांनी तरुण झाला होता.

"तिकडे पोचलीस की फोन कर हो. सफरमोच्या फोनवर कर, माझ्याकडे कुठलाय. हो की नाही गं, सफरमो?"

सफरमो गुडघ्यावरची पिशवी नीट करत होती. कालपासून पहिल्यांदा तिने बहिणीकडे डोळे वर करून पाहिलं, आणि आईला कळू नये म्हणून रशियनमध्ये म्हणाली, "मेलेल्या माणसाला फोन लागत नाही."

ड्रायव्हरने चमकून आरशात पाहिलं. त्याला रशियन येत होतं.

"काय म्हणाली ती?" आईने विचारलं.

नुकराने आईचा हात दोन्ही हातांत धरला होता.

"म्हणाली, पोचल्या पोचल्या लगेच कर."

"मग करच," आई म्हणाली आणि समाधानाने मागे टेकली.