सतरावं कलम

इल्गिझने फोन खिशात ठेवला आणि नियमावली पुन्हा सतराव्या कलमावर उघडली.

"माफ करा. थोरल्या भावाचा फोन होता. वडिलांना जरा सर्दी झालीय म्हणे, घरी ये."

टेबलाभोवतीच्या सहाही प्राध्यापकांनी चहाचे पेले खाली ठेवले.

इल्गिझ हा विद्यापीठाच्या नियम समितीतला विद्यार्थ्यांचा एकमेव प्रतिनिधी. दोन वर्षं त्याची एकच मागणी होती: घरचं माणूस आजारी असेल तर गैरहजेरी माफ व्हावी. सतरावं कलम फक्त मृत्यू मानायचं, तोही गोल शिक्क्याच्या दाखल्यासकट. बाकी कशासाठीही वर्षात तीस तास बुडाले की विद्यापीठातून नाव कमी. इल्गिझचे अठ्ठावीस बुडाले होते, बहुतेक याच समितीच्या बैठकांत.

"सर्दीसाठी पार गावाला, अत-बाशीला बोलावलं?" कायदा शिकवणारे तोक्तोसुन अगाय, म्हणजे तोक्तोसुन सर, म्हणाले. "सहा तासांचा रस्ता?"

"हो ना. इथले मामा गाडी घेऊन खाली उभेसुद्धा आहेत. बसने जातो म्हटलं, तर ऐकेनात."

दूरच्या मुलाला मरणाची बातमी आमच्यात फोनवर देत नाहीत. सर्दी सांगायची, घरापर्यंत आणायचं. मग अंगणात उभारलेली राहुटी काय ते सांगते. किर्गिझ माणसाला ही रीत लहानपणापासून ठाऊक असते. ज्याला फोन येतो, तो तेवढा त्या दिवशी ती विसरतो.

"अर्ज लिही आणि नीघ," समितीच्या अध्यक्षा बुरुलचा, ज्यांना सगळे एजे, म्हणजे ताई, म्हणत, किटलीकडे बघत म्हणाल्या.

"कारण काय लिहू, एजे? सर्दी कलमात बसत नाही. नाव कमी झालं तर वडीलच मला झोडपतील. सर्दी असली तरी हात चालतो त्यांचा."

तोक्तोसुन अगाय एजेंच्या कानाशी वाकले.

"कलमात बसणारं कारण लिहिलं, तर खाली सही त्याचीच लागेल."

"गप बसा हो."

एजेंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"सतरावं कलम मताला टाकते. 'आजार' हा शब्द घाला."

"आज?" इल्गिझ म्हणाला.

"कोणता आजार?" रसायनवाले कासिमअली सवयीने बोलून गेले. मग मान खाली घालून म्हणाले, "म्हणजे, सर्दीसकट."

"दाखला?" एजेंनी लिहिता लिहिता विचारलं.

"नको."

"रजा किती दिवस?"

"लागतील तितके," तोक्तोसुन अगाय म्हणाले. गेल्या वर्षी याच अगायांनी बाळंत झालेल्या एका मुलीला बाळ आणून दाखवायला लावलं होतं.

"बाजूने?"

सहा हात वर गेले. खिडकी उघडावी की नको यावरही ज्या समितीचं कधी एकमत झालं नव्हतं, तिचे सहा हात. इल्गिझने ते एकेक करून पाहिले. कासिमअलींनी तर दोन्ही वर केले होते. एजेंनी खुणावल्यावर त्यांनी एक खाली घेतला.

इल्गिझ खिडकीशी गेला. खाली मामा गाडीबाहेर उभे होते, टोपी हातात घेऊन. तो परत येऊन बसला.

"विरोधात?" एजेंनी कागदाला विचारलं. विचारावं लागतं.

इल्गिझने हात वर केला.

"साध्या सर्दीला एवढी सवलत बरी नव्हे," तो म्हणाला.

"खाली घे, बाळा."

त्याने हात खाली घेतला नाही.