साळूबाईंचा सारवलेला कूड

सकाळी साडेसातला मी सावेडीतल्या हॉलचं शटर वर केलं आणि अशी किंचाळले, की समोरच्या चहावाल्याच्या हातातलं भांडं हिंदकळलं.

कूड जागेवर होता. त्यावरचं चित्र मात्र गायब! आदल्या संध्याकाळी आम्ही त्याच्यावर दिवे सोडून बघितले होते. आता तिथे ओल्या शेणामातीचा गुळगुळीत लेप होता आणि त्याच्यासमोर साळूबाई मेंगाळ कोपरापर्यंत हात माखून, अगदी समाधानानं बसल्या होत्या.

"आजी, काय केलंत हे?"

"सारवलं. पाहुनं यायचंत ना आज?"

"अहो, पण चित्र?"

"जुनं झालं हुतं ते. पाहुन्याला शिळं दावतात व्हय?"

माझा राग माझ्या ओळखीचा आहे. तो आधी कानांत येतो. कान तापले. पण चूक कोणाची होती? अकोले तालुक्याच्या डोंगरातल्या एका ठाकर आजीच्या घराची आख्खी भिंत, कारवीच्या काठ्यांची, शेणामातीनं लिंपलेली, मी टेम्पोत घालून नगरला आणली. पाहुणे येणार म्हणून दहादा सांगितलं. त्यांच्या घरी पाहुणा यायचा म्हटलं की भिंत सारवतात आणि नवं चित्र काढतात, हे विचारायचं मला सुचलं नाही. आजी आणि त्यांची नात पूजा हॉलमध्येच मुक्कामाला होत्या, त्यामुळे पहाटे अडवायलाही कोणी नव्हतं. पूजा म्हणाली, "मॅडम, मला वाटलं तुम्हीच सांगितलं असंल." शेणही तिनंच मागच्या गोठ्यातून आणून दिलं होतं!

हे नुसतं चित्र गेलं असतं तर मी हसलेही असते. पण त्या चित्रावर एकोणीस मुली अवलंबून होत्या.

मी मुलींचं वसतिगृह सांभाळते. ठाकर, भिल्ल, मातंग, महार घरांतल्या मुली आमच्याकडे राहून शिकतात. वादळात वरच्या मजल्याचे पत्रे उडाले. जूनपर्यंत छप्पर झालं नाही तर वरच्या मजल्यावरच्या एकोणीस मुलींना घरी पाठवा, असं तपासणीला आलेल्या समितीनं लिहून दिलं होतं. पूजा त्यांतलीच, यंदा दहावीला जाणारी. म्हणून तर हे प्रदर्शन. कोल्हारच्या हर्षलनं काढलेली वीटभट्टीची चित्रं, मातंग बायकांनी वळलेल्या घायपाताच्या दोरांची एक भिंत, आणि मधोमध हा कूड. शेवगावला जिनिंग मिल असलेल्या राजनंदिनीताईंनी कुडाचा फोटो मोबाईलवर पाहिला आणि लगेच फोन केला होता. "हा कूड माझ्या नव्या घराच्या ओसरीत पाहिजे. तुमचे पत्रे मी टाकून देते." त्या अकरा वाजता येणार होत्या.

"आजी, हे बघा," मी मोबाईल त्यांच्या नाकासमोर धरला. "हेच परत काढा. अगदी असंच."

त्यांनी डोळे बारीक करून फोटो बघितला. "ही वाघबारस गेल्या सालची, वाघाला पुजतो ती. ह्यात माजी म्हस हाय बग, कोपऱ्याला. ती मेली. आता तिला कशी काढू?"

"काढा ना, कोणाला कळतंय?"

"मला कळतंय की."

मी मोबाईल ठेवून दिला आणि सगळ्यांना कामाला लावलं. हर्षलनं शेजारच्या मंगल कार्यालयातून दोन उभे पंखे उचलून आणले. पूजानं वसतिगृहात फोन केला आणि तासाभरात बाकीच्या अठराजणी वह्यांचे पुठ्ठे घेऊन हजर झाल्या. अठरा मुली भिंतीला वारा घालतायत आणि पूजा तांदळाचं पीठ कालवतेय, असं ते दृश्य! हसू, आरडाओरडा, पायांत पाय. मी ओरडत होते आणि मलाच मजा येत होती.

साडेनऊला लेप वाळला. आजींनी बांबूची काडी चावून तिचं टोक मऊ केलं, पिठात बुडवली आणि एका दमात वर एक लांब रेघ ओढली. उतरतं छप्पर. त्याच्या खाली वसतिगृह. दारात वाघ बसवला, तोंड बाहेर करून.

"राखन करतोय," त्या म्हणाल्या. मग मुलींकडे वळल्या. "एकेकीनं पुढं या. तू काय करती गं?"

"मी कबड्डी खेळते."

आजींची काडी फिरली आणि छपराखाली एक पोरगी चढाईला निघाली. दुसरी पुस्तक घेऊन पालथी पडली. तिसरीला झोप फार, ती झोपलेलीच काढली. तिसरी रुसली, बाकीच्या खिदळल्या. स्वतःला बघायला मुली एकमेकींच्या पाठीवर चढत होत्या. दहाच्या सुमारास प्रदर्शन उघडलं तेव्हा आलेले लोक दुसरी चित्रं बघेनातच, सगळे कुडापुढे. हर्षलसुद्धा स्वतःची वीटभट्टी सोडून तिथे खाली मांडी घालून बसला.

अकरा वाजता राजनंदिनीताई आल्या. गर्दीतून वाट काढत पुढे झाल्या आणि थांबल्या.

"हे ते नाही," त्या म्हणाल्या. "वाघबारशीचं चित्र कुठंय?"

मी खोटं बोलायची तयारी केली होती. टेम्पोत धक्का लागला, लेप पडला, असं काहीतरी. तोंडातून निघालं भलतंच. "त्याच्यावर सारवलं, ताई. तुम्ही येणार म्हणून."

ताईंच्या कपाळावर आठी पडली. त्या काही बोलणार तोच आजी न वळताच म्हणाल्या, "जरा सरक गं बाय, उजेड अडतोय."

ताई सरकल्या! शेवगावात त्यांना सरक म्हणणारं कोणी नसेल. मग त्या तिथेच उभ्या राहून बघत राहिल्या आणि नकळत बोटानं छपराखालच्या मुली मोजायला लागल्या.

"अठराच आहेत. तुम्ही तर एकोणीस म्हणाला होतात."

सगळ्यांच्या माना पूजाकडे वळल्या. पिठाचं भांडं धरून ती एका कडेला उभी होती, खाली बघत. छपराखाली तेवढी एक जागा रिकामी होती.

"आजी, हिला विसरलात?" मी म्हटलं.

"इसरंन कशी? घरचं मानूस आपल्या हातानं काढत न्हाईत आमच्यात. दुसऱ्यानं काढायचं." आजी पहिल्यांदाच उठल्या, कमरेवर हात ठेवून वळल्या आणि पिठात बुडवलेली काडी त्यांनी राजनंदिनीताईंपुढे धरली. "घे, तू काढ."

ताईंनी काडीकडे पाहिलं, आजींच्या शेणानं माखलेल्या हाताकडे पाहिलं.

"मला चित्र येत नाही हो, आजी."

"रेघ तर येती?"

ताईंनी चपला काढल्या, पदर खोचला आणि काडी घेतली. डोकं वाकडं आलं, एक हात लांब झाला. पूजाला हसू आवरेना. ताईही हसायला लागल्या, पण काडी सोडली नाही. दोन वेण्या घातल्या, पायांत चपला रेखल्या, मग दोन पावलं मागे येऊन बघत राहिल्या.

"क्रिस्टीनाबाई," त्या माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, "पत्रेवाल्याला सोमवारी पाठवते. मी पोरगी घरात बसवलीय, आता तिच्या डोक्यावर छप्पर नको?"