पोळ्यांचा ट्रॅक्टर

टेंभुर्णीच्या पलीकडच्या त्या गावात सप्त्याचा एकच कडक नियम. सात दिवस वीणा कुणा ना कुणाच्या गळ्यात राहणार, भुईला टेकणार नाही. टेकली की सप्ता मोडला. आणि मच्छिंद्रानं भरदुपारी डोळ्यांनी पाहिलं, सप्त्याचे कारभारी तातेराव वीणा सतरंजीवर ठेवून मोबाइलवर गप्पा हाणत होते. गप्प बसेल तर तो मच्छिंद्र कसला! त्यानं गावाच्या ग्रुपवर लिहून टाकलं.

तातेरावांनी ठाणं गाठलं. देवाची विटंबना झाली म्हणे, आणि ती केली लिहिणाऱ्यानं! फौजदारानं मजकूर दोनदा वाचला. "याच्यात गुन्हा बसत न्हाई," म्हणाला. मच्छिंद्र कॉलर ताठ करून घरी आला. कायदा आपल्या बाजूनं आहे म्हटल्यावर माणूस किती येडा होतो!

शेवटच्या दिवशी, काल्याच्या सकाळी, पंगतीसाठी घरोघरच्या पोळ्या गोळा करायला ट्रॅक्टर निघाला. मच्छिंद्राची आई पुष्पाबाई पहाटेपासून चुलीपुढं होती. गुडघे कामातून गेलेले, तरी टोपलंभर पोळ्या लाल फडक्यात बांधून, टोपलं डोक्यावर घेऊन ती दारात उभी राहिली. चाळीस वर्षांत तिच्या पोळ्या एकदाही चुकल्या नव्हत्या. ट्रॅक्टर शेजारी थांबला आणि हिच्या दारावरून सरळ पुढं गेला.

मच्छिंद्र मागं पळाला. ट्रॉलीतून तातेराव हसले. "घ्यायलाच पाह्यजे असं कोणत्या कलमात हाये, दाखव. न्हाई घेतल्या. याच्यात गुन्हा बसतो का?"

तो परत आला तर आई तिथंच, टोपलं डोक्यावर तसंच.

"माघारी येईल का रं ट्रॅक्टर?"

ती रडली असती तर बरं झालं असतं.

मच्छिंद्र मंडपात गेला. एका हातात माइक घेतला, दुसरा वीणेवर ठेवून अडखळत म्हणाला, "म्या खोटं लिव्हलं. वीणा टेकली न्हवती." त्या दुपारी ज्यांनी स्वतः पाहिलं होतं, त्यांनीच आधी टाळ्या वाजवल्या.

ट्रॅक्टर आला, टोपलं घेऊन गेला. पुष्पाबाईनं त्या ट्रॉलीलाही हात जोडले.

पंगती उठल्यावर मच्छिंद्र हात धुवायला मंडपामागं गेला. तिथं तातेरावांचे बैल लाल फडक्यावरच्या पोळ्या खात होते. तातेराव दात कोरत उभे होते. "मुक्या जनावराच्या तोंडी लागल्या. पुण्यच हाये की, मच्छिंद्रा."

घरी पुष्पाबाई वाटच पाहत होती. "आपल्या पोळ्या कोणत्या पंगतीला वाढल्या रं?"

"पहिल्याच, माय," मच्छिंद्र म्हणाला. या खेपेला त्याची जीभ जराही अडखळली नाही.